ठेंगण्यांचा कुलवृत्तांत

आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापण्याची प्रथा बरीच जुनी आहे. मूळ पुरुष कोण, गोत्र कोणते, कुलदैवत कोठले, वतन कोणी मिळविले व कोणी घालविले, दत्तक कोण गेला, या सर्वांची त्यात साक्षेपाने नोंद असते. परंतु घराण्यातील माणसे उंचीने किती होती, याची नोंद आम्हांस आजवर एकाही कुलवृत्तांतात आढळलेली नाही. वास्तविक वडिलार्जित मिळकतीपैकी जमीन भाऊबंदकीत जाते, दागिने लग्नकार्यात मोडतात, वाडा पावसाने खचतो. उंची ही मात्र अशी मिळकत आहे की, तिच्या वाटणीसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही, आणि तरीही तिचा वाटा प्रत्येकास पोहोचल्यावाचून राहत नाही.

आमचे आजोळ बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, युसूफ वडगाव येथे. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात उदंड आहेत. त्यांतून हे ओळखू येते ते पुढच्या युसूफ या नावामुळे. आमच्या आजोळचे घर गावात ओळखू येई ते तेथील माणसांच्या उंचीमुळे. माळवदाच्या जुन्या घरांचे दरवाजे बुटके असतात, हे मराठवाड्यात वावरलेल्या वाचकांस सांगावयास नको. परगावच्या पाहुण्याच्या कपाळास त्या चौकटीचा प्रसाद मिळे. आमच्या मामांस मात्र तिच्यापुढे कधी मान लववावी लागली नाही. पाच फूट दोन इंच हे त्या घरातील पुरुषाचे परम वैभव. स्त्रिया चार फूट दहा इंचांच्या पुढे सहसा गेल्या नाहीत. गावाने त्या घरास 'गिड्ड्यांचे घर' असे नाव दिले होते, आणि घराने ते बिनतक्रार स्वीकारले होते.

आपल्या भाषेने या विषयात मोठी उदारता दाखविली आहे. बुटका, ठेंगणा, खुजा, गिड्डा, बुटबैंगण अशी शब्दांची रांगच लागते. मुलीचे स्थळ सांगताना मात्र तीच भाषा गोड होऊन 'ठेंगणी ठुसकी' असे म्हणते. समाधानास 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण आहे, आणि साक्षात विष्णूने एक अवतार वामनाचा घेतला हा दाखलाही आहे. राहता राहिले कारण. तेही एका म्हणीत उरकलेले आहे: खाण तशी माती. या म्हणीविषयी आमची तक्रार अशी नाही की ती खोटी आहे. ती पुष्कळ अंशी खरी आहे, आणि म्हणूनच ती ऐकल्यावर पुढे कोणी काही विचारीत नाही. खाणी अनेक प्रकारच्या असतात, हे तिने सांगितलेले नाही. तेवढेच सांगण्याचा येथे विचार आहे.

आनुवंशिकतेच्या शास्त्राचा आरंभच मुळी बुटकेपणापासून झाला, ही गोष्ट आम्हांस नेहमी कौतुकाची वाटत आली आहे. ब्रुनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल याने उंच व बुटक्या वाटाण्यांचा संकर केला, आणि १८६६ मध्ये तो निबंध छापून प्रसिद्ध झाला. संकराची पहिली पिढी सर्वच उंच निघाली. जणू बुटकेपणा जगातून नाहीसाच झाला. परंतु त्या उंच झाडांच्या संततीत ७८७ झाडे उंच व २७७ बुटकी उगवली. म्हणजे बुटकेपणा मेला नव्हता, एक पिढीभर लपून बसला होता, आणि तिनास एक या हिशेबाने पुन्हा वर आला. पुढे १९९७ मध्ये त्या लपलेल्या जनुकाचा पत्ता लागला. झाडास उंच करणारे जे द्रव्य झाड स्वतःच्या अंगी तयार करते, ते पुरेसे तयार करण्याची शक्ती बुटक्या वाटाण्यात नसते. ते द्रव्य बाहेरून दिले, तर तेच बुटके झाड उंच वाढते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती माणसांच्या घरातच भेटावयाची आहे.

मेंडेलचा हा सरळ हिशेब माणसांच्या उंचीस लावू गेले असता जुळेना. विलायतेत फ्रान्सिस गाल्टन याने २०५ कुटुंबांतील ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास १८८६ मध्ये प्रसिद्ध केला. आईची उंची १.०८ ने गुणून ती बापाच्या उंचीत मिळवावयाची व निम्मी करावयाची, अशी त्याची रीत होती. त्यास तिनास एक असे काही दिसले नाही. दिसले ते हे की, आईबाप सरासरीहून जितके ठेंगणे, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश एवढेच मुले सरासरीहून ठेंगणी. बाकीची तूट निसर्ग परत करतो. उंच आईबापांकडून तो त्याच प्रमाणात थोडे काढूनही घेतो. मेंडेल खरा की गाल्टन, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. तो १९१८ मध्ये रोनाल्ड फिशर याने मिटविला. दोघेही खरे, असा त्याचा निवाडा होता. उंची ठरविणारे जनुक एक नसून अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा प्रभाव अल्प आहे. मूठभर कवड्या फेकल्या असता सगळ्याच उताण्या किंवा सगळ्याच पालथ्या सहसा पडत नाहीत, बहुतेक डाव मध्यावर राहतात, तसेच हे. या कवड्या किती, याचा अंदाज २०२२ मध्ये आला. सुमारे ५४ लाख माणसांची माहिती एकत्र करून संशोधकांनी उंचीशी संबंध असलेली १२,१११ स्थाने दाखवून दिली.

आमच्या मामांचे घर हे असे गाल्टनचे घर होते. तेथे रोग कोणताही नव्हता; लहान कवड्या पिढ्यान्पिढ्या अंमळ अधिक पडत गेल्या होत्या, एवढेच. अशा घरातील मुलाची उंची किती होईल, हे डॉक्टर सोप्या गणिताने सांगतात. आईबापांच्या उंचीची सेंटिमीटरांत बेरीज करावी, मुलगा असल्यास त्यात १३ मिळवावे, मुलगी असल्यास १३ वजा करावे, आणि निम्मे करावे. बाप १६० व आई १४८ असेल, तर मुलगा सुमारे १६० व मुलगी सुमारे १४७ होईल. त्यात सातआठ सेंटिमीटर खालीवर. या गणितात आई व बाप यांचे पारडे समसमान आहे, हे आमच्या समाजाने विशेष लक्षात घ्यावे. मुलगा ठेंगणा निघाला म्हणजे 'आईवर गेला' असे म्हणून सुनेस आयुष्यभर बोल लावण्याचा जो प्रघात आहे, त्यास शास्त्रात तिळमात्र आधार नाही. आणि अशा निरोगी ठेंगण्या मुलास उंची वाढविण्याची भुकटी चारणे, झाडास लोंबकळत ठेवणे, हे द्रव्याचा व बालपणाचा नाश करणे होय. त्याची वाढ संथ असली तरी नियमित असते. तो आपल्या वाटेने चाललेला आहे. त्यास चालू द्यावे.

परंतु त्याच आजोळी आम्ही दुसऱ्या प्रकारचे ठेंगणेपणही पाहिले. आमच्या आईची धाकटी बहीण, आमची मावशी, चार फुटांवर कधी गेली नाही. शरीर प्रमाणबद्ध, बुद्धी तल्लख, आवाज अखेरपर्यंत लहान मुलीसारखा बारीक. गावातील अर्ध्या बायकांची पत्रे ती वाचून दाखवी. तिचे लग्न झाले नाही. पाहावयास आलेली मंडळी चहा घेऊन जात. आजीने ग्रहणात काही चिरले असावे, असे शेजारणी म्हणत, आणि आजी ते निमूटपणे ऐकून घेई. घरातील पुरुष म्हणत, 'आपल्या घराण्यातच उंची नाही.' मावशीच्या बालपणी या गोष्टीवर इलाज त्या मुलखात मिळण्यासारखा नव्हताच. तेव्हा कोणास दोष द्यावयाचा, हा प्रश्न उद्भवत नाही. मावशी गेली, आणि तिच्या ठेंगणेपणाचा प्रश्न कोणीही न विचारताच तिच्याबरोबर गेला.

तो प्रश्न परत आला तो आमच्या मामेभावाच्या नातवाच्या रूपाने. मुलगा दहा वर्षांचा. परंतु त्याच्याहून तीन वर्षांनी लहान असलेली बहीण त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहू लागली होती. घरात या गोष्टीचे हसू होत असे, चिंता होत नसे. मामेभाऊ म्हणाले, "घराण्यातच न्हाई, तर पोराला कुठून येणार?" परंतु त्याच्या शाळेच्या तपासणीत उंचीची नोंद ठेवलेली होती: नवव्या वर्षी १०४ सेंटिमीटर, दहाव्या वर्षी १०७. निरोगी मूल चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाकाठी पाचसहा सेंटिमीटर वाढते, मग त्याचे घराणे ठेंगणे असो की उंच. वर्षात तीनच सेंटिमीटर, हा घराण्याचा वारसा नव्हे. ती वाढीतील अडचण आहे. मुलाच्या आईने ते कागद पदरास बांधले आणि मुलास घेऊन अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठले. तेथून मोठ्या शहरातील तज्ज्ञांकडे जाणे झाले. मनगटाचे क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा दहा वर्षांच्या मुलाची हाडे सहा वर्षांची निघाली. रक्ततपासणीत दिसले की, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे जे संप्रेरक स्रवते, ते या मुलात जवळजवळ नव्हतेच.

येथे मेंडेलचा बुटका वाटाणा पुन्हा भेटतो. या मुलाच्या प्रकारच्या घराण्यांचा शोध १९९६ मध्ये लागला. एका भारतीय मुसलमान कुटुंबातील ठेंगण्या चुलतमावस भावंडांत एका विशिष्ट जनुकाचे एकच अक्षर बदललेले अमेरिकेतील संशोधकांस आढळले. मेंदूकडून पीयूषिकेस 'संप्रेरक सोड' असा जो निरोप जातो, तो स्वीकारणाऱ्या प्रथिनाचा हा जनुक. अक्षर बदलल्यामुळे प्रथिनाची घडण बाहत्तराव्या मण्यावरच थांबते. निरोप दाराशी येतो आणि दार उघडावयास कोणी नसते. थोड्याच काळात सिंधमधील खेड्यांत असेच अठरा ठेंगणे स्त्रीपुरुष आढळले, आणि त्यांच्यातही बदललेले अक्षर तेच निघाले. तेथील प्रौढ पुरुषांची सरासरी उंची सुमारे १३० सेंटिमीटर होती. २००५ मध्ये मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांनी व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच अक्षर हाती आले. सिंधूच्या काठापासून आपल्या दारापर्यंत एकच चूक पिढ्यान्पिढ्या नकलली गेली आहे, असे मानावयास जागा आहे. कोणत्याही कुलवृत्तांतात न लिहिलेले हे नाते आहे. आणि त्यास जात, धर्म व सरहद्द यांपैकी कशाचीही ओळख नाही.

हा वारसा वाटाण्याप्रमाणे लपून चालतो. आई व बाप दोघेही साधारण उंचीचे, परंतु दोघांच्याही अंगी त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली. मुलास दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळाल्या म्हणजेच दोष प्रकट होतो. प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारात एक. आणि दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याचा संभव केव्हा अधिक? दोघांचे आजोबा एकच असतील तेव्हा. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, मोठ्या जिव्हाळ्याची रूढी आहे. त्या मुलाची आई ही त्याच्या वडिलांच्या मामाचीच मुलगी. या रूढीस आम्ही सरसकट नावे ठेवीत नाही. अशा बहुतेक विवाहांची संतती निरोगी असते. परंतु ज्या घराण्यात आमच्या मावशीसारखे एखादे माणूस होऊन गेले आहे, तेथे मामाच्या दारी मागणी घालण्यापूर्वी वैद्यकाचा सल्ला घेणे शहाणपणाचे आहे. कुंडलीतील नाडीदोष पाहण्यास आपण जेवढा वेळ देतो, त्याचा एक चतुर्थांश त्यास पुरेल.

याच्या उलट चालणारा वारसाही आहे. काही घराण्यांत बिघडलेली एक प्रतच पुरेशी होते, आणि ठेंगणेपणा आईकडून किंवा बापाकडून सरळ पुढच्या पिढीत उतरतो. १९९७ मध्ये सापडलेला एक जनुक असा आहे की, त्याच्या बिघाडाने हातापायांचे मधले भाग आखूड राहतात व कित्येकदा मनगट वाकते. ज्यात धड साधारण पण हातपाय फार आखूड असतात, त्या सर्वांत परिचित प्रकाराचे अक्षर १९९४ मध्ये हाती लागले. त्या प्रकारची सुमारे ऐंशी टक्के मुले साधारण उंचीच्या आईबापांच्या पोटी येतात. बिघाड बहुधा बापाच्या बीजात नव्यानेच झालेला असतो, आणि बापाचे वय वाढते तसा त्याचा संभव वाढतो. म्हणजे येथे खाण एक आणि माती दुसरी! नागपूरच्या ज्योती आमगे यांची उंची त्यांच्या अठराव्या वाढदिवशी, १६ डिसेंबर २०११ रोजी, ६२.८ सेंटिमीटर मोजली गेली आणि जगातील सर्वांत ठेंगणी स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. त्यांच्या घरची माणसे मात्र साधारण उंचीची आहेत.

वंश कोणता आणि अन्न कोणते, हे ओळखणे विद्वानांसही सोपे गेलेले नाही. कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हंदिगोडु नावाचे गाव आहे. तेथील काही गरीब कुटुंबांत सांधे दुखून झिजतात, आणि कित्येकांची उंचीही खुंटते, असे १९७५ च्या सुमारास उघडकीस आले. औषधे फवारलेल्या भातखाचरांतील खेकडे खाण्यात आले असावेत, असा संशय प्रथम घेतला गेला. पुढे अधिक शोधाअंती तो एका पिढीतून दुसरीत सरळ उतरणारा हाडांचा रोग ठरला. तेथे वंशाचा दोष अन्नावर गेला होता. आपल्याकडे नेमके उलट घडते. अन्नाचा दोष वंशावर जातो.

आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी पावसाळा सरला की हजारो कुटुंबे ऊसतोडीस निघतात. नवराबायकोच्या जोडीस मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणतात. हा शब्द आमच्या मनास नेहमी टोचतो. दोन माणसे मिळून एक हत्यार! पहाटे थंडीत फडावर जाणारी ती बाई पुष्कळदा गरोदर असते, आणि पाठीमागे पाचटाच्या कोपीत तिचे मूल असते. त्या मुलाची उंची खुंटली म्हणजे 'यांची जातच किडकिडीत' असे फडाच्या बांधावरून सहज बोलले जाते. परंतु कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९ ते २०२१ या काळात असे दाखविले की, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. तिसरा हिस्सा मुलांचे जनुक एकाएकी बिघडले, असे कोण म्हणेल? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात मातांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, वजन सुमारे ४२ किलो आणि त्यांच्या बाळांचे जन्मतःचे वजन पावणेतीन किलोंहून कमी आढळले. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे व दूध अधिक होते, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. खुज्या आईचे बाळ लहान. लहान बाळ पुढे खुजी आई. हाही वारसाच आहे. परंतु तो जनुकांतून उतरलेला नसून ताटातून उतरलेला आहे. आणि ताट बदलले की तो बदलतो. दक्षिण कोरियात १८९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा १९९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रिया सरासरीने वीस सेंटिमीटर उंच भरल्या. शंभर वर्षांत कोणत्याही राष्ट्राचे जनुक बदलत नसतात.

तेव्हा ठेंगणेपणाच्या या तीन खाणी: अनेक लहान कवड्यांची, एका बिघडलेल्या अक्षराची, आणि उपाशी ताटाची. वरून पाहता तिघींची माती सारखीच दिसते. पहिल्या खाणीतील मुलास काहीही करू नये, दुसरीतील मुलास वेळेवर वैद्य दाखवावा, तिसरीतील मुलास व त्याच्या आईस पोटभर अन्न द्यावे. हे ओळखण्याचे साधन काय? एक भिंत, एक पेन्सिल व एक तारीख. भारतीय मुलांच्या वाढीचे आलेख बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेले आहेत. कोणत्याही बालवैद्याकडे ते पाहावयास मिळतात.

मोजण्याचे नाव काढले की काही सुशिक्षित मंडळी बिचकतात, आणि त्यास कारणही आहे. गाल्टननेच माणसांची प्रतवारी लावण्याचे शास्त्र काढू पाहिले, आणि विसाव्या शतकात जर्मनीत त्याचा जो भयंकर शेवट झाला तो सर्वश्रुत आहे. परंतु त्याच जर्मनीत, बर्लिन येथे, आपल्या इरावती कर्वे यांनी १९३० च्या सुमारास कवट्या मोजल्या, आणि वंशावंशांत जो भेद दिसावा अशी त्यांच्या गुरूंची अपेक्षा होती तो आपल्या मापांत दिसत नाही, असे निर्भयपणे लिहिले. पुढे त्यांनी व वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील लोकांची शारीरिक मापे १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केली. मोजणे वेगळे आणि तोलणे वेगळे. माणसास तोलू नये. मुलास मात्र अवश्य मोजावे.

त्या मुलास आता रोज रात्री संप्रेरकाची सुई टोचतात. हे द्रव्य पूर्वी मृतांच्या पीयूषिका ग्रंथीतून काढावे लागे. १९८५ पासून ते कृत्रिम रीतीने तयार होते. औषध महाग आहे. त्यापायी एक बैलजोडी आणि एका हंगामाचे सोयाबीन गेले. पहिल्या वर्षी तो नऊ सेंटिमीटर वाढला. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या मुलींत सुमारे चौदापंधराव्या व मुलांत सोळासतराव्या वर्षी मिटून जातात. त्या मिटल्यावर जगातील कोणतेही द्रव्य उपयोगी पडत नाही. म्हणून 'घराण्याचेच आहे' हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाईल, त्या घरातील कोणीतरी, बहुधा आईनेच, लगेच विचारावे: 'घराण्याचे कोणते?' एवढा एक प्रश्न विचारला गेला, तर पुढच्या पिढीच्या कुलवृत्तांतात उंचीचाही एक रकाना असेल. आणि आमच्या मावशीसारख्या बाईचे नाव, ज्यास आजच्या कुलवृत्तांतात लग्न नाही म्हणून ओळही मिळत नाही, त्या रकान्यात सर्वांत आधी लिहावे लागेल.